साठीला दोन कमी

३१ मे या दिवशी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कामं होत नाहीत, सत्कार होतात. सामुदायिक विवाहात एकाच मांडवात दहा लग्नं उरकतात, तशा एकेका कचेरीत चार-चार सेवापूर्ती एका दुपारी उरकतात. हारांची टोपली एक, शाली एकाच गठ्ठ्यातल्या आणि भाषणही एकच, फक्त मधलं नाव बदलायचं. ‘साहेबांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी भरून निघणार नाही’ हे वाक्य चौथ्यांदा ऐकताना खुद्द पोकळीलाही जांभई येते.

ही झुंबड ३१ मेलाच का? उत्तर सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. तिथे जन्मतारीख असते १ जून. जुन्या शाळांची रजिस्टरं चाळली तर अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला असं वाटेल. पहिलीत घालायला सहा वर्षं पूर्ण लागायची. बाप पोराला बखोटीला धरून शाळेत आणायचा. गुरुजी विचारायचे, “जन्म कधीचा?” बाप सांगायचा, “कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढल्या साली. ऐन सुगीत.” भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. गुरुजी मनात हिशेब करायचे, पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे आणि १ जून १९६८ लिहून मोकळे व्हायचे. कुणी सुगीत जन्मलेला, कुणी शिमग्यात, कुणी बेंदराच्या आदल्या रात्री; शाळेच्या दारात सगळ्यांचा वाढदिवस एक झाला.

त्या एका ओळीत आपण पोराची निवृत्तीही लिहून ठेवतोय, हे गुरुजींच्या ध्यानीमनी नव्हतं. नियम असा आहे की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून १ जूनच्या मंडळींना ३१ मेला नारळ. हा नारळ खरोखरीचा असतो, सोबत शाल असते, एवढाच फरक.

आमचे शेजारी नाना सार्वजनिक बांधकाम खात्यात वरिष्ठ लिपिक आहेत. आम्ही राहतो साताऱ्यात. साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, त्यामुळे इथे निवृत्त होण्यात कमीपणा नाही; सकाळी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर आजी-माजी सगळ्याच खात्यांचा कोरम पुरा असतो. पण नानांना त्या कोरममध्ये जायची घाई नाही. त्यांचीही १ जूनच. आणि ती लिहिणारे गुरुजी म्हणजे त्यांचे सख्खे वडील, आबा. ते त्याच शाळेचे मुख्याध्यापक. नानांचा खरा जन्म दिवाळीतला. बाकीच्या बापांना तारीख आठवत नव्हती, आबांना पक्की आठवत होती, तरीही त्यांनी पोटच्या पोराला शासकीय कागदावर पाच महिन्यांनी म्हातारं केलं.

“घरात आईला काम सुचू देईना, म्हणून घातला शाळेत,” आबा आजही शांतपणे सांगतात.

नानांचं दुःख पाच महिन्यांचं नाही, वेतनवाढीचं आहे. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला. जे ३० जूनला निवृत्त होतात त्यांचं वर्ष पुरं भरतं, पण वाढ हातात पडायच्या आत ते घरी. यावर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले आणि अखेर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३० जूनवाल्यांच्या बाजूने कौल दिला. ३१ मेवाल्यांचे मात्र अकराच महिने भरतात, त्यांच्या हाती टिकली लागत नाही. “आबा, जूनच्या जागी जुलै लिहिलं असतंत तर हात दुखला असता का?” असं नाना दर पंधरवड्याला विचारतात. आबा म्हणतात, “पोराची वेतनवाढ बघून जन्मतारीख टाकावी, असं ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नव्हते.”

जन्मतारीख दुरुस्त करून घ्यायची सोय आहे, पण तो अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. नियम करणाऱ्याला मनुष्यस्वभाव चांगला ठाऊक असणार. पहिल्या पाच वर्षांत माणसाला लग्न दिसतं, स्कूटर दिसते, बदली दिसते. निवृत्ती दिसत नाही.

म्हणून नानांची सगळी भिस्त आता एका मागणीवर आहे: निवृत्तीचं वय ५८ वरून ६० करा. कर्मचाऱ्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या संघटना ही मागणी कित्येक वर्षं लावून धरत आहेत, आणि कित्येक वर्षं ती ‘सकारात्मक विचाराधीन’ आहे. केंद्राने १९६२ मध्ये ५५ चे ५८ केले, १९९८ मध्ये ५८ चे ६०. राज्याची गाडी ५८ वरच उभी. ठळक अपवाद चतुर्थ श्रेणीचा, त्यांना ६०. म्हणजे एका दिवशी जन्मलेल्या साहेबाला आणि शिपायाला घ्या. साहेबाला शिपाई हार आणून देणार, गाडीपर्यंत पोचवणार आणि परत येऊन पुढची दोन वर्षं नव्या साहेबाला चहा देणार. फाईलवर सही करणारी बुद्धी ५८ ला थकते, पण ती फाईल उचलणारे हात ६० पर्यंत टिकतात, असा हा शासनाचा निष्कर्ष आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या आपल्या वाडवडिलांनीसुद्धा बुद्धीला दोन वर्षं जास्त दिली होती.

नानांनी शेजारच्या राज्यांची वयं तोंडपाठ केली आहेत. सावंतवाडीवरून खाली उतरा, गोव्यात ६०. निपाणीकडे वळा, कर्नाटकात ६०. मध्य प्रदेशात ६२. गडचिरोलीतल्या सिरोंच्याला नदी ओलांडली की तेलंगण. तिथे २०२१ पासून ६१. पूल संपेपर्यंत माणूस तीन वर्षांनी तरुण होतो. एक गुजरात तेवढं आपल्यासारखं ५८ वर, त्याचा उल्लेख नाना टाळतात. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ पर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयाचे ६५ पर्यंत बसतात. “निकाल द्यायला पासष्टीचा माणूस चालतो, आणि टिप्पणी लिहायला साठीचा चालत नाही?” हा नानांचा प्रश्न बिनतोड आहे. आमदार-खासदारांचं वय ते काढतच नाहीत. तिथे निवृत्ती फक्त मतदार देतात, आणि दिली तरी पेन्शन चालू राहते.

आता एवढी रास्त मागणी, तिला विरोध कोणाचा? विरोध नानांच्या घरातच, मधल्या खोलीत, उताणा झोपून मोबाईल बघतोय.

नानांचा मुलगा एमपीएससी करतो. ‘काय करतो?’ याला ‘एमपीएससी करतो’ हे पूर्ण उत्तर आहे, आणि ते बरीच वर्षं पुरतं. एरवी तो पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असतो. मेसचं जेवण, खांद्याला सॅक, आणि चहाच्या टपरीवर एकच चर्चा: जाहिरात कधी निघणार? जागा किती? वयाचा विषय निघाला की त्याचा आवाज चढतो. “तुम्ही लोक दोन वर्षं खुर्च्या सोडणार नाही, मग आम्ही बसायचं कुठे?” हे तो बापाला विचारतो, आणि ते बापाच्याच पगारातून भरलेल्या मेसच्या डब्याच्या जोरावर. बाप निवृत्त झाला तर डबा अवघड, नाही झाला तर नोकरी अवघड. इतका कठीण पेच राज्यशास्त्राच्या पेपरलाही येत नसेल.

खोदून विचारलं की मुलाचंही मत सरळ नाही असं कळतं. खुल्या गटाला परीक्षेची वयोमर्यादा ३८. समजा हा काठावर लागला आणि ५८ ला सुटला, तर नोकरी वीसच वर्षं. केंद्राने २०२४ मध्ये आणलेल्या ‘युनिफाइड’ पेन्शन योजनेत पुरी पन्नास टक्के पेन्शन हवी तर २५ वर्षं भरावी लागतात, आणि राज्यानेही ती योजना घ्यायचं ठरवलं आहे. तेव्हा त्याची खरी भूमिका अशी: सध्या ५८ कायम ठेवा, माझी वेळ आली की ६० करा. धोरणात सातत्य नाही म्हणून सरकारला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते आपल्याच घरातून गेलेलं असतं.

तिसरं मत आबांचं. आबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि ‘५८ ला सुटलो हे बरं झालं’ असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. १९९६ ला ते निवृत्त झाले. नोकरी ३८ वर्षं झाली, पेन्शनला आता तीस होतायत. आणखी आठ वर्षं काढली तर शिकवण्यासाठी जितकी वर्षं पगार घेतला तितकीच न शिकवण्यासाठी घेतली असं होईल, आणि हा विक्रम करायचाच या जिद्दीने ते रोज सकाळी भिजवलेले चार बदाम खातात. वेतन आयोगांमागून वेतन आयोग आले, महागाई भत्ता चढत गेला, ऐंशी ओलांडल्यावर पेन्शनीत आणखी भर पडली. शेवटच्या पगाराच्या कितीतरी पट पेन्शन आज त्यांच्या खात्यात येते. घरात पहिल्या तारखेला खात्रीने पैसे येणारा माणूस तोच, त्यामुळे सूनबाई दूध आधी आबांना देतात आणि नातू चार्जर आधी आबांकडे मागतो. म्हाताऱ्या माणसांचा मान राखावा हे संस्कार आपल्याकडे आहेतच, पेन्शन असली की ते उठून दिसतात.

सरकारं घाबरतात ती नेमकी आबांना. पेन्शनची कल्पना निघाली तेव्हा आबा कुणाच्या हिशेबात नव्हते. जर्मनीत बिस्मार्कने १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय ठेवलं ७०. त्या काळी सत्तरी गाठणारे थोडे, आणि गाठली तरी पुढे फार काळ थांबणारे त्याहून थोडे. सरकारचं मनही मोठं दिसलं आणि तिजोरीही शाबूत राहिली. आपल्याकडे स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला टेकलंय. लोकांनी मरायचं लांबवलं आणि सरकारांनी निवृत्ती लांबवायला घेतली. इंग्लंड ६६ वरून ६७ वर चाललंय. डेन्मार्कने २०४० साठी ७० ठरवून टाकलं. बिस्मार्कने जिथून सुरुवात केली तिथेच गाडी वळसा घालून आली.

या बाबतीत आपला आणि युरोपचा स्वभाव किती वेगळा, ते मार्च २०२३ च्या एकाच आठवड्यात दिसलं. फ्रान्समध्ये सरकारने पेन्शनचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरवलं, १६ मार्चला संसदेत मतदान न घेताच ते पुढे रेटलं, आणि लोक रस्त्यावर आले. पॅरिसचे सफाई कामगार संपावर होते, जगातल्या सगळ्यात शोभिवंत शहराच्या फुटपाथांवर कचऱ्याचे ढीग लागले. त्याच आठवड्यात, १४ ते २० मार्च, महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी संपावर होते. घोषणा होती, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. तिकडे म्हणत होते, आम्हाला लवकर सोडा. इकडे पेन्शनसाठी संप, आणि त्याच मंडळींची दुसरी मागणी, आम्हाला इतक्यात सोडू नका. फ्रेंच माणसाला कामावरून सुटून जगायचं असतं. आपल्याकडे कामावर असलं की जगणं सुटसुटीत होतं. घरी काय करायचं हे साठ वर्षांत कुणी शिकवलेलं नसतं.

जुन्या पेन्शनची तळमळ समजायची तर नानांच्या कचेरीत जावं. नानांच्या टेबलाला लागून त्यांच्या हाताखालच्या तरुण लिपिकाचं टेबल आहे. दोघं एकाच मस्टरवर सही करतात, एकाच टेंडरच्या फाईलवर टिपणी लिहितात. दोघांच्या मध्ये एक गोदरेजचं कपाट आहे आणि १ नोव्हेंबर २००५ ही तारीख. नाना त्या तारखेच्या अलीकडचे, म्हणून त्यांना जुनी पेन्शन: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता, मरेपर्यंत. पलीकडचा तरुण नव्या योजनेतला. त्याच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार चौदा टक्के घालतं, आणि ते पैसे बाजारात जातात. म्हणून नाना सकाळी पेपर उघडून आधी राशिभविष्य बघतात आणि तो तरुण शेअर बाजार बघतो. दोघंही भविष्यच वाचत असतात, पण नानांचं खोटं ठरलं तरी पेन्शन चुकत नाही. अमेरिकेत कुणी आयातकर वाढवला की नाना ‘असं का?’ म्हणून पान उलटतात, आणि हा बिचारा पाणी प्यायला उठतो.

आता पैशाचं. निवृत्तीला सहा महिने उरले की माणसाभोवती एक वेगळीच गर्दी जमायला लागते. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे, पेन्शनचं अंशराशीकरण, असं सगळं एकदम येणार याचा वास गावाला कसा लागतो हे कोडं आहे. पेन्शन केस महालेखापालांकडे पोचायच्या आत नानांकडे ही मंडळी पोचली होती. विमा एजंट आला. त्याच्या पॉलिसीत नानांनी पंच्याऐंशीव्या वर्षी भरपूर पैसे मिळवायचे होते. एका पतसंस्थेचे संचालक आले. बँकेपेक्षा चार टक्के जास्त व्याज, शिवाय दिवाळीला स्टीलचा डबा. यवतेश्वरच्या वाटेवर एनए प्लॉट असलेला माणूस आला, त्याने हवा किती शुद्ध आहे ते सांगितलं, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते सांगितलं नाही. चुलत भाचा आला. तो चार वर्षांत फिरकला नव्हता, आता कंदी पेढे घेऊन आला आणि वाकून नमस्कार करून उठता उठता हायवेला हॉटेल टाकण्याविषयी बोलू लागला.

या सगळ्यांना पाणी देऊन वाटेला लावलं ते काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने. काकूंना कुठल्याच सेवापुस्तकात जागा नाही, पण घरातलं अर्थखातं त्यांच्याकडे आहे. दर महिन्याला पोस्टाच्या आरडीच्या एजंट ताई घरी येतात. खांद्याला पिशवी, पिशवीत रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा. ताई खुर्चीच्या कडेवर टेकतात, नोटा दोनदा मोजतात, कार्डावर आकडा घालून सही करतात, अर्धा कप चहा घेतात आणि पुढच्या घराकडे जातात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हे चालू आहे. नानांना त्या कार्डाची किंमत समजली ती मुलीच्या लग्नाच्या वेळी, जेव्हा बस्त्याचे पैसे कुठून आले ते त्यांना कळेना.

काकूंचं अर्थशास्त्र दुधाच्या पिशवीवर चालतं. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर किमती बारा वर्षांत दुप्पट होतात. बाहत्तरला व्याजदराने भागा, वर्षं निघतात, हा हिशेब बँकवाले सांगतात. काकूंनी तो वहीतून काढला. आज घरखर्चाला पन्नास हजार लागत असतील तर नाना सत्तरीला येतील तेव्हा तोच खर्च लाखाचा, आणि ब्याऐंशीला दोन लाखांचा. चैन काही वाढवलेली नसते. तेच दूध, तीच भाजी, उलट साखर डॉक्टरांनी बंद केलेली. “सरकार दोन वर्षं देईल की नाही यावर तुम्ही सहा वर्षं भांडताय,” काकू म्हणाल्या. “आबांकडे बघा. अठ्ठावन्नच्या पुढे तीस वर्षं असतात. त्याचं काय ठरलंय?”

नाना गप्प बसले. आबांनी बदाम खाल्ला.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर नानांकडे निदान अर्धं तरी आहे. पेन्शन येणार, महागाई भत्ता वाढणार. हाती येणाऱ्या रकमेतून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या व्याज ८.२ टक्के, पाच वर्षं झोप चांगली लागते. पतसंस्थेच्या स्टीलच्या डब्याइतकं ते आकर्षक नाही, पण डबे वाटणाऱ्या किती पतसंस्थांच्या दारात ठेवीदार रांगा लावून उभे राहिले, हे महाराष्ट्राला सांगायला नको.

ज्यांना पेन्शन हा शब्दच अर्धवट लागू आहे, त्यांचं काय? आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक राहतात. घाटात उभी हयात गेली. त्यांची पेन्शन ‘ईपीएस ९५’ची. या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये आहे, आणि ती साडेसात हजार करा म्हणून आपल्याच बुलढाण्यात निवृत्त लोकांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. हजार रुपयांत महिना काढायचा म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. त्यात उपोषण वेगळं करायची गरज काय, असं चालककाका स्वतःच विचारतात आणि स्वतःच हसतात.

त्याच्याही खाली ती माणसं, ज्यांच्या कामाला ५८ नाही आणि ६० नाही. मार्केट यार्डातला हमाल, वीटभट्टीवरची बाई, दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाणारी म्हातारी. त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वयाची अट ६५, रक्कम महिन्याला १५०० रुपये. फॅनखाली बसून टिपणी लिहिणारा माणूस ५८ ला थकला असं शासन धरून चालतं, आणि पाठीवर पोतं वाहणारा ६५ पर्यंत दमत नाही असंही तेच शासन धरून चालतं. दोन्ही कागद बहुधा एकाच इमारतीत, वेगवेगळ्या मजल्यांवर तयार होत असतील आणि लिफ्ट बंद असेल.

आबांनाही सगळंच आयतं मिळत नाही. दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नुसतं जिवंत असून भागत नाही, हयातीचा दाखला लागतो. २०१४ पासून हे ‘जीवन प्रमाण’ बोटाच्या ठशावर करता येतं. गेल्या वर्षी मी आबांना बँकेत घेऊन गेलो. रांगेत एकाहून एक अनुभवी म्हातारे होते, आणि प्रत्येक जण पुढच्याकडे ‘अरे, तुम्ही आहात अजून?’ अशा कौतुकाने बघत होता. खिडकीतल्या मुलाने छोटं यंत्र पुढे केलं. आबांनी अंगठा ठेवला. लाल दिवा. तर्जनी ठेवली. लाल दिवा. ३८ वर्षं खडू धरून बोटं गुळगुळीत झाली होती. मुलाने ओला रुमाल दिला, बोटं पुसून घेतली, पुन्हा लाल दिवा. “आजोबा, तुम्ही मॅच होत नाही,” तो म्हणाला.

“कुणाशी?” आबांनी विचारलं.

“तुमच्याशी.”

शेवटी मुलाने मोबाईल समोर धरून चेहऱ्यावरून काम भागवलं. “डोळे मिटा, उघडा,” तो म्हणाला. आबांनी मिटले, उघडले आणि आणखी एका वर्षापुरते शासनदरबारी जिवंत झाले. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, “आम्ही पोरांच्या जन्मतारखा मनाने टाकायचो, कुणी पुरावा मागितला नाही. आता जिवंत असल्याचा पुरावा मागतात.” तक्रार होती की समाधान, ते कळलं नाही. पण पोवई नाक्यापर्यंत ते खुशीत होते.

या वयाच्या वादात बाजू घ्यायची तर मला सगळ्यांचं पटतं. नानांचं पटतं, कारण त्यांचे गुडघे आणि डोकं दोन्ही चालू आहेत. मुलाचं पटतं, कारण त्याचंही डोकं चालू आहे आणि त्याला वापरायला जागा नाही. सरकारचंही थोडं पटतं, कारण आबांसारखी माणसं बदाम खातात. पण ५८ करा नाही तर ६० करा, हा सगळा भांडणतंटा दोन वर्षांचा आहे. त्यापुढची पंचवीस-तीस वर्षं कुठल्याच शासन निर्णयात बसत नाहीत, आणि बहुतेकांची तर कुठल्याच वहीतही बसलेली नाहीत.

तेव्हा ज्यांचा पहिला पगार नुकताच झाला आहे त्यांना सांगणं एवढंच. निवृत्तीचं वय काय व्हायचं ते होवो, ते ठरवणारे आपल्याला विचारणार नाहीत. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाख टाकले तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी पंधरा वर्षांत बावीस लाख पन्नास हजारांचे चाळीस लाखांच्या वर होतात. दीड लाख जमत नसतील तर जमतील तेवढे टाका, पण पंचविशीत टाका, पंचेचाळिशीत हळहळू नका. पतसंस्थेचा डबा घेऊ नका. भाच्याला पेढ्यासकट परत पाठवा. आणि घरात काकूंसारखं कुणी कार्डावर सह्या करून घेत असेल, तर निदान आता तरी त्यांना विचारा की किती जमलेत. अर्थमंत्री आपल्या घरातच असतो, आपण उगाच दिल्लीकडे बघत बसतो.